वाचनालयाचे वेब ॲप्लिकेशन स्वस्त व्हीपीएसवर: कोऱ्या सर्व्हरपासून बॅकअपच्या तालमीपर्यंत

एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची देवघेव वहीतून संगणकावर आणण्याचे काम काही काळापूर्वी मी अंगावर घेतले. ॲप्लिकेशन साधेच होते. जँगोमध्ये (पायथन भाषेत वेब ॲप्लिकेशन बांधण्याच्या साच्यात) लिहिलेली पुस्तकांची सूची, सभासदांची खाती, वर्गणीची पावती आणि मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी, एवढाच त्याचा पसारा. एका वेळी ते वापरणार चार-पाच माणसे. अशा कामासाठी मोठ्या क्लाउडच्या दहा सेवा एकमेकींना जोडत बसण्याची गरज नसते. महिना पाचशे-सहाशे रुपयांचा एक व्हर्च्युअल सर्व्हर, ज्याला सगळे व्हीपीएस म्हणतात, तो पुरतो. मात्र खोली भाड्याची असली तरी झाडलोट आणि कुलूपकिल्ली आपल्याकडेच असते, हे आधी मान्य करावे लागते.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच धोरण आहे: हा सर्व्हर उद्या नाहीसा झाला, तर तासाभरात दुसरा उभा करता आला पाहिजे. म्हणून पहिल्या मिनिटापासून एक साधी मजकूर-फाइल उघडी ठेवावी आणि दिलेली प्रत्येक कमांड तीत उतरवत जावी. येथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांतच द्यायच्या आहेत.

सर्व्हर कोणता घ्यावा

एक व्हर्च्युअल कोर, १ जीबी रॅम आणि २५ जीबी एसएसडी एवढी ताकद या कामाला पुरते, आणि बहुतेक कंपन्यांकडे ती ५ ते ६ डॉलर महिन्याला मिळते. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे हिशेबात धरावे. ५१२ एमबीचा सर्व्हर आणखी स्वस्त दिसतो, पण त्यावर एखादे पॅकेज बसवतानाच दम लागतो. वाचलेल्या दीड-दोन डॉलरांपेक्षा त्यात गेलेली संध्याकाळ महाग पडते.

ठिकाण निवडताना वापरणारे कोठे आहेत ते पाहावे. डिजिटलओशनचे डेटा सेंटर बंगळुरूमध्ये आहे, लिनोड, व्हल्टर आणि ॲमेझॉन लाइटसेल यांचे पर्याय मुंबईत आहेत. हेट्झनरच्या जर्मनी-फिनलंडमधील सर्व्हरवर तेवढ्याच पैशांत जास्त रॅम मिळते, पण युरोपपर्यंतच्या प्रत्येक फेरीला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात, आणि काउंटरवर समोर रांग उभी असताना तो वेळ ग्रंथपालांना जाणवतो. आभासीकरण, म्हणजे एका यंत्राचे अनेक सर्व्हर करण्याची पद्धत, केव्हीएम प्रकारचे (प्रत्येक सर्व्हरला स्वतःचे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, देणारे) आहे ना, याचीही खात्री करावी. अगदी स्वस्त कंटेनर-पद्धतीच्या सर्व्हरवर स्वतःचा स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा, तयार करता येत नाही, आणि तो आपल्याला लागणार आहे.

पैसे भरण्याची बाजू किरकोळ वाटते, पण सर्व्हर बंद पडण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दरमहा आपोआप होणाऱ्या वसुलीला ग्राहकाची पूर्वसंमती नोंदवलेली असावी लागते, आणि परदेशी कंपन्यांची वसुली या टप्प्यावर अनेकदा अडते. जेथे आगाऊ रक्कम भरून ठेवण्याची सोय असेल तेथे सहा महिन्यांची रक्कम भरून टाकावी. खाते उघडताना ओळखपत्र मागितले गेले तर बिचकू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी लागते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून उबुंटू २४.०४ एलटीएस घ्यावी. तिला २०२९ पर्यंत नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि अडल्यावर शोधले तर उत्तरही याच आवृत्तीचे सापडते.

कुलूपकिल्ली

सर्व्हरवर दुरून प्रवेश एसएसएच या सुरक्षित जोडणीने होतो. सर्व्हर तयार करण्याआधी स्वतःच्या संगणकावर ‘एसएसएच-कीजेन’ कमांड देऊन ईडी२५५१९ प्रकारची की तयार करावी. तिच्या दोन फाइल होतात. ‘पब’ शेपटीची सार्वजनिक फाइल कंपनीच्या पॅनलमध्ये चिकटवायची. दुसरी, खासगी फाइल कोणालाही द्यायची नाही, पण तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी ठेवायची, कारण लॅपटॉप बिघडला की सर्व्हरची वाटही बंद होते.

पहिल्यांदा रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून आत गेल्यावर ‘ॲप्ट अपडेट’ आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ करावे. नंतर ‘ॲडयूजर’ने स्वतःच्या नावाचा वापरकर्ता तयार करून त्याला सुडो (रूटचे अधिकार गरजेपुरते वापरू देणाऱ्या) गटात घालावे आणि रूटच्या घरातील डॉट-एसएसएच हे फोल्डर त्याच्या घरात उतरवून त्याची मालकी नव्या वापरकर्त्याकडे द्यावी. आता पहिली खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्या नावाने आत येऊन पाहावे. दुसऱ्या खिडकीतून प्रवेश मिळाला आणि ‘सुडो’ही चालले, तरच पुढे जावे. कुलूप बदलताना आपण घराच्या आत आहोत की बाहेर, एवढाच हा प्रश्न असतो.

यानंतर एसएसएचच्या सेटिंगमध्ये रूटचा थेट प्रवेश आणि पासवर्डने होणारा प्रवेश दोन्ही बंद करायचे असतात. येथे उबुंटूवर एक खड्डा आहे. मुख्य ‘एसएसएचडी-कॉन्फिग’ फाइलमध्ये पासवर्डसमोर ‘नो’ लिहून अनेक जण निश्चिंत होतात; पण त्याच नावापुढे ‘डॉट-डी’ असलेल्या फोल्डरात ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असू शकते आणि तिच्यात ‘यस’ लिहिलेले असू शकते. हे फोल्डर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच वाचले जाते, आणि ओपनएसएसएच प्रत्येक सेटिंगची पहिली भेटलेली किंमत धरून नंतरची सोडून देते; म्हणजे आपल्या ‘नो’ला काही अर्थच उरत नाही. म्हणून बदल केल्यावर फाइलवर विश्वास न ठेवता ‘सुडो एसएसएचडी’पुढे उणे चिन्ह आणि मोठा टी देऊन, प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग छापून पाहावीत. सेवा पुन्हा सुरू करताना उबुंटूवर तिचे नाव ‘एसएसएच’ आहे, ‘एसएसएचडी’ नव्हे.

फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, म्हणून यूएफडब्ल्यू पुरेसा आहे. आधी ‘यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच’, मग वेबसाठीचे ८० आणि ४४३ हे पोर्ट (जोडणीची दारे) उघडावेत, आणि सर्वांत शेवटी ‘यूएफडब्ल्यू एनेबल’. हा क्रम मी एकदा उलटा केला होता. चालू जोडणी तुटली नाही, त्यामुळे सर्व ठीक आहे असे वाटले. चहा घेऊन परत आलो तेव्हा ती वेळ संपून तुटलेली होती आणि नवी जोडणी दारातच अडत होती. अशा वेळी कंपनीच्या पॅनलमधील ब्राउझर-कन्सोल हाच मागचा दरवाजा असतो. तो कोठे आहे हे गरज पडण्याआधी एकदा उघडून पाहावे, आणि आपल्या वापरकर्त्याचा पासवर्ड जवळ लिहून ठेवावा, कारण कन्सोलवर की चालत नाही, पासवर्डच लागतो. ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवणारे डॉकर वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की डॉकरने बाहेर उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला न विचारता उघडतो. म्हणून कंटेनरचा पोर्ट १२७.०.०.१ या, फक्त सर्व्हरच्या आतून दिसणाऱ्या पत्त्यालाच बांधावा.

स्वॅप आणि घड्याळ

१ जीबी रॅमच्या सर्व्हरवर स्वॅप नसेल, तर ‘पिप इन्स्टॉल’ मध्येच थांबते आणि पडद्यावर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द उमटतो. चूक पॅकेजची नसते. मेमरी संपल्यामुळे कर्नलने ती प्रक्रिया मारलेली असते. ‘एफॲलोकेट’ने २ जीबीची फाइल तयार करावी, तिचे अधिकार ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असे) करावेत, मग ‘एमकेस्वॅप’ आणि ‘स्वॅपऑन’ द्यावे, आणि ‘एफएसटॅब’मध्ये तिची ओळ लिहावी. ही ओळ विसरली तर पहिल्या रीबूटनंतर स्वॅप गायब होतो आणि बिघाड महिनाभराने डोके वर काढतो.

नवा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. मी रात्री दोनला लावलेला बॅकअप त्यामुळे सकाळी साडेसातला, वाचनालयाचे दार उघडण्याच्या वेळी होत असे. ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन’ देऊन एशिया-कोलकाता हा विभाग निवडावा, आणि जँगोच्या सेटिंगमधील ‘टाइम-झोन’ही तोच ठेवावा, कारण जँगो सर्व्हरच्या घड्याळाचा विभाग आपणहून उचलत नाही.

ॲप्लिकेशन कोठे ठेवावे, कसे चालवावे

स्वतःच्या होम फोल्डरात कोड ठेवण्याचा मोह टाळावा. उबुंटूने २१.०४ आवृत्तीपासून होम फोल्डर इतरांना बंद केले आहे. त्यामुळे तेथे ठेवलेली मुखपृष्ठांची चित्रे वेब सर्व्हरला वाचता येत नाहीत आणि पान अर्धवट दिसते. ‘एसआरव्ही’ फोल्डराखाली वाचनालयाच्या नावाचे फोल्डर करावे आणि लॉगिनची परवानगी नसलेला एक वेगळा सिस्टिम वापरकर्ता त्याचा मालक असावा. ॲप्लिकेशनमध्ये उद्या एखादे छिद्र निघालेच, तरी आत शिरलेल्याच्या हाती एवढेच फोल्डर लागते.

कोड गिट या, आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या ‘गिट क्लोन’ने आणावा, फाइल एकेक करून चढवू नयेत, नाहीतर सर्व्हरवर नेमके काय चालू आहे हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही. पायथनची पॅकेजेस आभासी वातावरणातच (ॲप्लिकेशनपुरत्या वेगळ्या फोल्डरात) बसवावीत. उबुंटूवर थेट ‘पिप’ दिल्यास ‘हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते’ अशा अर्थाची त्रुटी येते. ती जबरदस्तीने मोडण्याचा पर्याय असला तरी तो वापरू नये, कारण सिस्टिमची स्वतःची साधनेही त्याच पायथनवर उभी असतात.

गुप्त की, डेटाबेसचा पत्ता आणि मेलचा पासवर्ड एका वेगळ्या पर्यावरण-फाइलमध्ये ठेवावेत, तिचे अधिकार ६०० करावेत आणि ती गिटमध्ये जाऊ देऊ नये. ‘डीबग’ बंद असलाच पाहिजे. तो चालू राहिला तर पहिल्याच त्रुटीच्या वेळी जँगो आपल्या कोडचे आणि सेटिंगचे भलेमोठे प्रदर्शन परक्या माणसापुढे मांडतो.

जँगोचा ‘रनसर्व्हर’ सरावापुरता असतो. प्रत्यक्षात गुनिकॉर्न हा पायथन ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर वापरावा. कोरच्या दुप्पट अधिक एक, हे वर्करच्या (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रियांच्या) संख्येचे सूत्र सगळीकडे सांगितले जाते, त्यानुसार आपल्याकडे तीन वर्कर बसतात. पण १ जीबीवर मी दोनच ठेवतो, आणि चार-पाच वापरकर्त्यांना त्यात कधी खोळंबावे लागलेले नाही. गुनिकॉर्न १२७.०.०.१ च्या ८००० पोर्टवर बांधावा, म्हणजे बाहेरून तो थेट दिसणार नाही.

तो कायम चालू ठेवण्याचे काम सिस्टिमडी या उबुंटूच्या सेवा-व्यवस्थापकाचे. टर्मिनलमध्ये चालू करून ‘स्क्रीन’मध्ये सोडून देण्याची पद्धत अजून दिसते, वीज गेल्यावर कोणीतरी जाऊन मोटर सुरू करावी, तसली ती व्यवस्था आहे. ‘ईटीसी’मधील सिस्टिमडीच्या सिस्टिम फोल्डरात एक सर्व्हिस-फाइल लिहावी, आणि तिच्यात वापरकर्ता, कामाचे फोल्डर, पर्यावरण-फाइलचा पत्ता, गुनिकॉर्नची पूर्ण वाटेसह कमांड आणि ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑन-फेल्युअर’ एवढ्या ओळी असाव्यात. नंतर ‘डेमन-रीलोड’, मग ‘एनेबल’ आणि ‘स्टार्ट’. सुरू झाले नाही तर अंदाज बांधत बसू नये; ‘जर्नलसीटीएल’ला सेवेचे नाव दिल्यास खरे कारण शेवटच्या वीस ओळींत लिहिलेले असते, आणि बहुतेकदा ते चुकलेली वाट किंवा न वाचता येणारी पर्यावरण-फाइल एवढेच असते.

डोमेन आणि प्रमाणपत्र

डोमेनच्या डीएनएस पॅनलमध्ये ‘ए’ नोंद करून तीत सर्व्हरचा आयपी पत्ता द्यावा. ‘क्वाड-ए’ ही आयपीव्ही६ ची नोंद, सर्व्हरवर आयपीव्ही६ खरोखर चालत असेल तरच करावी. एचटीटीपीएससाठी लागणारे प्रमाणपत्र मोफत देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा पडताळणी करताना ही नोंद दिसल्यास आधी त्याच वाटेने येते. मागच्या होस्टिंगची जुनी नोंद तशीच राहिली असेल, तर प्रमाणपत्र का मिळत नाही हे कोडे तासन्‌तास सुटत नाही.

समोरचा वेब सर्व्हर म्हणून एन्जिनएक्स आणि प्रमाणपत्र आणणारा सर्टबॉट ही जोडी सर्वपरिचित आहे आणि तिच्यात काही वावगे नाही, पण एका लहान ॲप्लिकेशनसाठी मी कॅडी हा वेब सर्व्हर निवडतो. त्याच्या फाइलमध्ये डोमेनचे नाव, आणि महिरपी कंसात विनंती गुनिकॉर्नकडे सोपवणारी ‘रिव्हर्स-प्रॉक्सी’ची एक ओळ, एवढे लिहिले की प्रमाणपत्र घेणे आणि मुदतीआधी नवे करणे हे तो स्वतः पाहतो. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर ठेवण्याजोगे ते नाही. प्रयोग करताना सर्व्हर पुन्हापुन्हा नव्याने उभारत असाल तर त्यांचे चाचणीचे केंद्र वापरावे, कारण हुबेहूब तेच प्रमाणपत्र सात दिवसांत पाच वेळांपेक्षा जास्त मिळत नाही.

एन्जिनएक्सच घेतला तर दोन त्रुटी हमखास भेटतात. ५०२ दिसली तर एन्जिनएक्स ठीक आहे, मागचा गुनिकॉर्न पडला आहे. ४१३ दिसली तर चढवलेली फाइल त्याच्या १ एमबीच्या मूळ मर्यादेपेक्षा मोठी आहे. मोबाइलने काढलेला मुखपृष्ठाचा फोटो ही मर्यादा सहज ओलांडतो. कोणताही सर्व्हर घेतला तरी जँगोच्या ‘अलाउड-होस्ट्स’मध्ये डोमेनचे नाव आणि ‘सीएसआरएफ-ट्रस्टेड-ओरिजिन्स’मध्ये एचटीटीपीएससह पूर्ण पत्ता द्यावा. दुसरी गोष्ट राहिली तर पाने दिसतात, पण लॉगिनचे बटण दाबताच ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याची त्रुटी, येते.

पावतीवरचे चौकोन

सगळे सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला, “सर, पावतीवर नुसते चौकोन येताहेत. पैसे तेवढे दिसतात, नाव नाही.” माझ्या लॅपटॉपवर तीच पावती स्वच्छ मराठीत येत होती. कारण लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट होते, आणि कोऱ्या सर्व्हरवर एकही नव्हता. वेबपानावर हे कधी कळत नाही, कारण तेथे फॉन्ट वाचणाऱ्याच्या यंत्रातला असतो; पीडीएफ मात्र सर्व्हरवर तयार होते. ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ हे पॅकेज बसवून सेवा पुन्हा सुरू केली आणि नावे परत आली. पीडीएफ तयार करणारे साधनही पारखून घ्यावे. काही साधने फॉन्ट असूनही जोडाक्षरे सोडवून ठेवतात आणि पहिली वेलांटी व्यंजनानंतर छापतात. वीझीप्रिंट ही पीडीएफ तयार करणारी लायब्ररी अक्षरजुळणीसाठी पँगोचा आधार घेते, त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ तिच्यात ‘ज्ञानेश्वरी’च उमटते.

अकारविल्हे यादीतही अशीच एक गंमत आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. डेटाबेस साध्या क्रमाने लावत असेल तर नावांची यादी जरा वेगळी लागते. मी ते तसेच सोडले, ग्रंथपाल बाईंना मात्र ते पहिल्याच छापील यादीत दिसले.

बॅकअप

एवढ्या लहान कामाला पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेस लागत नाही, एका फाइलमध्ये मावणारा एसक्यूलाइट पुरतो. फक्त त्याची ‘वॉल’ पद्धत चालू करावी, म्हणजे एकाची नोंद चालू असताना दुसऱ्याचे वाचन अडत नाही. पण डेटाबेस एकच फाइल आहे म्हणून चालू असताना ती ‘सीपी’ या साध्या प्रत-कमांडने उचलू नये. वॉल पद्धतीत ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या फाइलमध्ये असतात, आणि अशी घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची ‘डॉट-बॅकअप’ कमांड सुसंगत प्रत देते. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत) ती रोज रात्री चालवावी, फाइलच्या नावात तारीख घालावी आणि तीस दिवसांपूर्वीच्या प्रती काढून टाकाव्यात. क्रॉनला आपल्या टर्मिनलच्या वाटा ठाऊक नसतात, म्हणून प्रत्येक कमांड पूर्ण वाटेसह लिहावी.

सर्व्हरवरच राहिलेली प्रत ही प्रतच नव्हे. ती बाहेर पाठवता येते, पण मला उलटी दिशा अधिक सुरक्षित वाटते: वाचनालयातील संगणक रोज दुपारी ‘आरसिंक’ या फाइलच्या प्रती आणणाऱ्या साधनाने सर्व्हरवरून प्रत ओढून घेतो. त्या संगणकाची वाट सर्व्हरला माहीत नसल्यामुळे सर्व्हरमध्ये कोणी शिरले, तरी त्याला जुन्या प्रती पुसता येत नाहीत. मुखपृष्ठांचे फोल्डर आणि पर्यावरण-फाइल याही त्यात असाव्यात. या प्रतीत सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असतात, तेव्हा तो संगणक कोणाच्या हाताला लागतो हेही पाहावे.

पुढची देखभाल

सुरक्षा-दुरुस्त्या ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ आपोआप बसवते, पण नवे कर्नल लागू होण्यासाठी रीबूट करावेच लागते. ‘व्हार’मधील ‘रन’ फोल्डरात ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल दिसली की वाचनालयाच्या सुटीच्या दिवशी ते उरकावे. महिन्यातून एकदा ‘डीएफ’ने डिस्कवर किती जागा उरली ते पाहावे. मुदत उलटल्याच्या सूचना मेलने पाठवायच्या असतील तर सर्व्हरवर स्वतःचा मेल सर्व्हर उभारू नये. बहुतेक कंपन्या २५ क्रमांकाचा पोर्ट बंदच ठेवतात, आणि उघडा मिळाला तरी नव्या आयपीवरून आलेले मेल स्पॅममध्ये जातात. मेल पाठवणाऱ्या एखाद्या सेवेचे खाते घ्यावे.

कोड बदलताना नेहमी एकाच क्रमाने जावे, आणि तो क्रम एका लहान स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावा: आधी बॅकअप, मग ‘गिट पुल’, पॅकेजेस, ‘मायग्रेट’ (डेटाबेसची रचना बदलणारी जँगोची कमांड), ‘कलेक्टस्टॅटिक’ (पानांच्या शैलीच्या फाइल एकत्र करणारी) आणि सेवेचा रीस्टार्ट. मायग्रेटआधीचा बॅकअप घाईत गाळला जातो, आणि नेमका त्याच दिवशी लागतो.

दर सहा महिन्यांनी तालीम करावी. त्याच कंपनीकडे आणखी एक कोरा सर्व्हर घ्यावा, सुरुवातीपासून लिहीत आलेली मजकूर-फाइल उघडावी आणि तिच्यातील कमांड, फक्त तिच्यातीलच, एकेक करून द्याव्यात. शेवटी वाचनालयाच्या संगणकावर आज दुपारी आलेली प्रत त्यावर चढवून पुस्तकांची संख्या आणि काल सायंकाळी शेवटी दिलेले पुस्तक, या दोन गोष्टी खऱ्या सर्व्हरशी ताडून पाहाव्यात. माझ्या पहिल्या तालमीला तीन तास लागले, कारण फाइलमध्ये फॉन्टचे पॅकेज आणि स्वॅपची ‘एफएसटॅब’मधील ओळ लिहायची राहिली होती, दुसरी पन्नास मिनिटांत झाली. आकारणी तासावर असल्यामुळे या तालमीचा खर्च काही रुपयांत भागतो, मात्र काम झाल्यावर तो सर्व्हर नुसता बंद करून चालत नाही. बंद सर्व्हरचीही जागा राखलेली असते आणि भाडे चालूच राहते. पॅनलमधून तो कायमचा नष्ट करावा, आणि तसे करताना आयपी पत्ता दोनदा वाचून घ्यावा.